डिकीवरचा हात

त्या दिवशी चकचक चहाला खाली बसलाच नाही. ओट्यापाशी उभ्याउभ्या दोन घोट घेतले, उरलेला मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि आक्काला म्हणाला की आज फडकी नवी दे, वापरलेली नकोत.

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. आईबाप गेल्यापासून घरात ही दोघंच. ती शिवणकाम करायची आणि तो लोकांच्या गाड्या धुवायचा, पुसायचा, पॉलिश करायचा, म्हणून अख्ख्या गल्लीत त्याचं नाव चकचक पडलं ते पडलंच. फडकी त्याला आक्काच करून द्यायची. धुऊन धुऊन मऊ पडलेले बनियन, विरलेल्या चादरी घ्यायच्या, बटणं काढायची, चेन काढायची, गळ्यामागची ती टोचरी पट्टी काढायची, आणि सगळ्यात शेवटी चारी बाजूंची शिवण कापून टाकायची. गाडीच्या रंगाला शिवण चालत नाही. एक दोरा जरी घासला तरी उन्हात केसाएवढी रेघ दिसते. लोक हसायचे, बहीण दिवसभर शिवते आणि भावासाठी तेवढंच उसवते, मग ह्यांचं उरतं काय. चकचक प्रत्येक फडकं आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाला जे टोचलं ते रंगाला टोचणार, असं त्याचं म्हणणं. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, नको आक्का, बायकांना नखं असतात.

तर आक्काने नवी फडकी काढून दिली. काळ्या गाडीचा दिवस होता हे तिला ठाऊक होतं. त्याने सांगितलं की काकूंचा पुतण्या आलाय, गाडी विकायची म्हणतोय, आणि विकायच्या आधी डिकीवरचा तो हात घासून काढायला सांगितलंय. एवढं बोलून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आक्का, एखाद्याची वस्तू आपल्या हातून गेली, आणि त्या जागी आपण आपली ठेवली, तर ती फसवणूक होते का गं?"

आक्काच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या असल्या की ती कमी बोलते. "आपली ठेवली ना? मग ते देणं झालं. फसवणूक कसली?"

त्यावर तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला. गेला.

आता काळ्या गाडीचं सांगायला पाहिजे.

गल्लीच्या टोकाला घड्याळवाल्यांचं घर, घड्याळं दुरुस्त करायचे ते. घड्याळवाले वारले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी त्यांनी गाडीच्या बॅटरीत पाणी घातलं होतं. बॅटरीचं पाणी म्हणजे तेजाबच, पण हात धुवायचा राहिला, आणि त्याच उजव्या हाताने त्यांनी डिकी दाबून बंद केली. गाडीत बसायला वळले आणि तिथेच खाली बसले, ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि मग त्यांच्या बायकोला, काकूंना दिसलं की काळ्या रंगावर हात उमटलाय. पाची बोटं, तळवा, सगळं. रंगच खाल्ला गेला होता तेवढा. कोरडा असला की जेमतेम दिसायचा, पण काकूंनी त्यावर वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी, की अख्खा हात वर यायचा.

काकूंनी गाडी तिथेच शेडमध्ये ठेवली. चालवणारं कोणी नव्हतं. चकचकला बोलावून सांगितलं की सगळी गाडी आरशासारखी ठेव, फक्त तेवढ्या हाताला पॉलिश लावू नकोस. तो धुवायला येण्याआधी काकू शेडमध्ये जाऊन हातावर हात ठेवून उभ्या राहायच्या. एव्हाना डोळ्यांनी अधू झाल्या होत्या, जागा बोटांनी चाचपून शोधायच्या. काहीतरी बोलायच्या, थांबायच्या, परत बोलायच्या. समोरून उत्तर येतंय अशा थांबायच्या. मग चकचकला सांगायच्या, "आज गरम आहेत बघ." किंवा, "आज रुसलेत, गार आहेत."

चकचक म्हणायचा, "हो काकू."

हे घरी येऊन सांगितलं की आक्काच्या अंगावर काटा यायचा. ती म्हणायची, तू त्या घरात पाणीसुद्धा पीत जाऊ नकोस. एकदा तिने विचारलं की इतका त्रास आहे तर तो डाग एकदाचा घासून का टाकत नाहीस. तेव्हा त्याने तिला समजावलं होतं, की पॉलिश दोन जातीचं असतं. एक कापतं, एक भरतं. कापणारं रंगाचा पापुद्रा घेऊन जातं, मग डाग कायमचा गेला. भरणारं नुसतं खळग्यात मेण बसवतं. दिसेनासं होतं म्हणून माणसाला वाटतं गेलं, पण मेण धुऊन गेलं की डाग परत हजर. तू पावडर लावतेस ना, तसं. आक्काने त्याला रीळ फेकून मारलं होतं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे त्याचा घाम. काही माणसांचा घाम खारा असतो तसा ह्याचा होता, पण जरा जास्तच. लहानपणी आक्काच्या सुयांना हात लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सुया गंजलेल्या. ती म्हणायची, तू माणूस आहेस का समुद्र. त्यामुळे गाडीवर काम करताना त्याच्या दोन्ही हातांत सुती हातमोजे असायचे. उघडा हात तो कुणाच्या गाडीला कधी लावायचा नाही. संध्याकाळी हातमोजे आक्का धुवायची, ओलेकिच्च असायचे दोन्ही. फक्त काळ्या गाडीच्या दिवशी उजवा ओला आणि डावा कोरडा. वर्षानुवर्षं हेच. एकदा विचारलं तर म्हणाला, डाव्या हाताला तिथे आराम असतो. आक्काने सोडून दिलं. घरच्या माणसाला आपण किती विचारतो?

बरं, तर तो दिवस. ऊन अजून भिंतीवरून उतरलं नव्हतं तोच डेंटर आला. डेंटर म्हणजे चकचकचा जुना सोबती, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचा. बाहेरून हाक मारल्याशिवाय तो कधी आत यायचा नाही. त्या दिवशी तो थेट शिवणाच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला, आणि आक्काने पायाखालची पट्टी दाबणं थांबवलं. तो काही बोलायच्या आतच तिला कळलं.

शेडमध्ये सगळं जिथल्या तिथे होतं. पाण्याच्या दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं विसळायची. नवी फडकी घडी न मोडता. पॉलिशचं मशीन भिंतीला लावलेलं, पण गोल गादी कोरी, चालवलेलंच नव्हतं. आणि चकचक डिकीवर वाकलेला, कपाळ मागच्या काचेला टेकवून. उजव्या हातात हातमोजा. डावा हातमोजा खिशात. डावा हात उघडा, पंजा पसरून डिकीवर.

काकू दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं काही ऐकतोय. म्हणून मी बोलले नाही."

किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे.

डेंटरने आणि पुतण्याने त्याला धरलं. आक्काने त्याचा हात उचलला. पत्र्यावरून तो सहज सुटला नाही, ओलं फडकं सोलून काढावं तसा बारीक आवाज झाला. आणि खाली हात होता. तोच, डिकीवरचा. डावा, आणि मधलं बोट अर्ध्या पेरावर संपलेलं.

चकचकच्या डाव्या हाताचं मधलं बोट असंच होतं. पोरवयात गॅरेजमध्ये असताना पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. बोट न् बोट, रेघ न् रेघ जुळत होती. तळव्यावरचा जो जाड घट्टा होता ना, तोसुद्धा तिथे होता.

काकू रडत होत्या. "बघ," म्हणाल्या, "त्यांच्या हातावर हात ठेवून गेला पोरगा."

 आक्काला इतक्या वर्षांचे कोरडे डावे हातमोजे एकदम दिसले.

डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. माणसं आली, बसली, गेली. घर रिकामं झाल्यावर आक्काने दोरीवरचे हातमोजे काढले नाहीत. दुसरा जोड होता तो, आदल्या दिवशीचा. वारा आला की त्यात हवा भरायची आणि दहाही बोटं फुगायची, हलायची. शेजारीण म्हणाली, काढ ते, बघवत नाही. आक्का म्हणाली, राहू दे, त्याला घाई नाही.

मग एका संध्याकाळी डेंटर आला आणि त्याने जे सांगितलं ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. फार पूर्वी, काळ्या गाडीचं काम नवं नवं हातात आलं तेव्हा, चकचक असाच त्याच्याकडे पळत आला होता. तोंड पांढरंफटक. झालं असं होतं की शेडमध्ये अंधार होता, मशीनचा तोल गेला आणि गादी त्या हातावरून फिरली. एकदा नाही, सवयीने दोन-तीनदा फिरली. पुसून बघितलं तर हात गेला होता. रंग गुळगुळीत. नवरा गेलेल्या बाईचा नवरा त्याने दुसऱ्यांदा घालवला, असं तो म्हणत होता. डेंटरला विचारत होता की गेलेला डाग परत आणता येतो का. "मी हसलो, ताई," डेंटर म्हणाला. "लोक डाग काढायला येतात, हा एकटाच आणायला आला होता. म्हटलं, निघालेला रंग परत येत नाही बाबा."

म्हणून त्याने आपला हात ठेवला. ज्या घामाला तो सगळ्या गाड्यांपासून लपवत होता तोच घाम इथे मुद्दाम लावला. शेडच्या पत्र्यातून ऊन डिकीवर यायचं तेव्हा, पत्रा तापला की, दर वेळी, अंदाजाने धरलेल्या एकाच जागी. उजवा हात ठेवून बघितला असेल, पण कामाला उजवा हात मोकळा हवा. त्यामुळे डावा. काकूंना कुठे दिसणार होतं. आणि हळूहळू रंगाने त्याचा हात घेतला.

आक्काने डोक्याला हात लावला. एवढा मोठा माणूस, आणि भीतीपोटी केलं काय, तर मेलेल्या माणसाच्या जागी स्वतःला चिकटवलं.

पण आता तिचं म्हणणं एकच होतं. घरात त्याचा धड एक फोटो नव्हता, फोटो काढताना तो हलायचाच. जे काही उरलं होतं ते दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याच्या नावाने. आणि पुतण्या ते घासून टाकणार होता.

गिऱ्हाईक एक आलं होतं. गाडी बघितली, बोनेटमध्ये तोंड बघून केस नीट केले, आणि मग गल्लीत कुणीतरी सांगितलं की हिच्यापाशी दोन माणसं गेलीत. गिऱ्हाईक पाणीसुद्धा न पिता गेलं. पुतण्या चिडला. म्हणाला, थंडी सरली की मोठ्या दुकानातला माणूस मशीन घेऊन येईल, सगळी गाडी एकसारखी घासेल, मग लांब नेऊन विकू.

आक्काने काकूंना सांगितलं की तोवर गाडी मी धुते, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. काकू म्हणाल्या, "तुला येईल?" आक्का म्हणाली, फडकी माझीच आहेत.

तेव्हापासून ती जायला लागली. भाऊ करायचा तसंच सगळं. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ आपणहून वाहू द्यायची, घाईने हात लावायचा नाही. मग वरून खाली. फडकं सरळ ओढायचं, गोल नाही, गोल फिरवलं की रंगावर जाळं पडतं. खाली पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, कितीही स्वच्छ दिसो. शेवटी हातावर पातळ पिशवी घालून रंगावरून फिरवायची, डोळ्यांना न दिसणारे कण बोटांना लागतात. एक गोष्ट मात्र तिने केली नाही. मेण लावलं नाही. मेणाचा डबा तिने उघडला होता, पण आत त्याच्या बोटांनी काढलेला खळगा तसाच होता, दोन बोटांचा, कडेला वळवलेला. तो तिच्याने मोडवेना. तिने झाकण लावून टाकलं. नुसत्या साबणपाण्याने धुवायची.

शेडमध्ये तिला बरं वाटायचं नाही. काळ्या दरवाज्यात स्वतःचं तोंड दिसायचं आणि खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं. मान वळवली की खुंटीवरचं गाडीचं आवरण. परत काळ्यात बघितलं की पुन्हा उभं. तिने आवरण दुसऱ्या खुंटीला लावलं. मग ते दुसऱ्या खांद्यामागे दिसायला लागलं. आणि काकू यायच्या, हातावर हात ठेवायच्या. आक्का फडकं पिळायच्या निमित्ताने बाहेर जायची. तिच्या भावाचा हात दुसरी बाई धरतेय आणि त्याच्याशी तिच्या नवऱ्यासारखं बोलतेय, हे बघायचं तरी कसं. एकदा बाहेर उभी असताना तिला ऐकू आलं. काकू म्हणत होत्या, "का हो, गप्प का झालात?" आणि मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

ज्या दिवशी मशीनवाला यायचा होता त्या सकाळी धुकं होतं. शेडमध्येसुद्धा आलं होतं, सगळी गाडी राखाडी झाली होती. आक्का शेवटचं धुवायला म्हणून लवकर गेली. बादली ठेवली, डिकीपाशी आली आणि तिथेच थांबली.

धुक्याचा ओलावा डिकीवर बसला होता आणि त्यात तिच्या भावाचा हात स्पष्ट दिसत होता. आणि त्याच्या शेजारी दुसरा. उजवा. पाची बोटं पूर्ण, लांब, बारीक. छोट्या काट्यांशी काम करणाऱ्या माणसाची असतात तशी.

आक्काच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने ते उचललं नाही.

मग तिला आठवलं ते पॉलिशचं. एक कापतं, एक भरतं. म्हणजे त्या दिवशी अंधारात डबा बदलला असणार, गादीने काही कापलंच नव्हतं, नुसतं भरलं होतं. आणि नंतर वर्षानुवर्षं हाच, आपला हात तेवढा सोडून, वरून मेण लावत राहिला, अगदी मन लावून, न चुकता. ज्याला तो घालवला म्हणून झुरत होता त्याला स्वतःच झाकत होता. एखादे वेळी कंटाळा केला असता तरी पुरे होतं. पण कंटाळा त्याच्या रक्तात नव्हता.

मागून काकू आल्या. नेहमीच्या जागी हात टेकवला, काही बोलणार तेवढ्यात थांबल्या. मान वाकवून डिकीच्या अगदी जवळ नेली.

"इथे दोन आहेत का गं?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. काकूंना काय दिसत होतं, दोन ठिपके. पण आक्काच्या तोंडात त्या दिवशी टाचण्या नव्हत्या.

"हो काकू, दोन आहेत. तुम्ही हात ठेवलाय तो माझ्या भावाचा."

मग तिने सगळं सांगितलं, जसं डेंटरने सांगितलं तसं. मशीन कसं फिरलं ते, तेजाब नव्हतं म्हणून घाम वापरला ते, मेणाचं, हातमोज्यांचं. काकूंनी मान वर केली नाही. हातही काढला नाही. धुकं दाराशी हलत होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी ह्याच्याशी बोलत होते?"

"हो."

"घरचं, दारचं, सगळं सांगितलं मी. नको नको तेसुद्धा सांगितलं." काकूंनी बादलीच्या दिशेने मान वळवली. "तो तर इथेच उभा असायचा, बादली घेऊन. सगळं ऐकत. आणि नुसतं हो काकू म्हणायचा."

"तेवढंच म्हणायचा तो सगळ्यांना."

काकूंना हसू आलं, मग ते हसू कुठेतरी वेगळ्याच ठिकाणी गेलं आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. हात उचलला, चाचपडत बाजूला नेला आणि त्या लांब बोटांवर ठेवला. काही बोलल्या नाहीत. इतक्या दिवसांनी भेटल्यावर एकदम काय बोलणार.

पलीकडे फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पुतण्याची हाक आली, मशीनवाल्याला आत घेऊ का म्हणून.

"तिथूनच परत पाठव त्याला," काकू मोठ्याने म्हणाल्या. "मी आहे तोवर हिला कुणी मशीन लावायचं नाही." मग आवाज खाली आणून आक्काला म्हणाल्या, "तू ये गं दर वेळी. तुझ्याही माणसाची जागा आहे इथे." आणि त्यांनी आक्काचं मनगट धरून तिचा पंजा आखूड बोटाच्या हातावर ठेवला. "बघ बरं. आज गरम आहे का?"

पत्रा बर्फासारखा गार होता. आक्काने पंजा तसाच दाबून धरला, बोटावर बोट, जिथे बोट संपत होतं तिथे तिचं पुढे गेलं. जरा वेळाने तिने हात उचलून बघितला. सगळी डिकी ओली होती, धुक्याने निथळत होती, पण तिचा तळवा कोरडा होता.

"हो काकू," आक्का म्हणाली.